वाचकांचे प्रश्न: रोड बाइकला पुढचं कॅरिअर लावायचंय, पण...

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, पुढचं कॅरिअर. थंडी जवळ आली की कोकण-गोव्याचे बेत सुरू होतात, घरात असते ती रोड बाइक, टूरिंगची वेगळी सायकल घ्यायला पैसे कोण काढणार, मग हीच कशी जुळवायची असं सगळ्यांचं म्हणणं. बरोबरच आहे ते. फक्त एक आधीच सांगून ठेवतो, कॅरिअर कुठलं घेऊ हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा, चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, कशाचा आहे हा पहिल्या नंबरचा, आणि जवळजवळ कोणीच तो लिहून पाठवत नाही.

प्रश्न: दादा, माझी ॲल्युमिनियम फ्रेमची रोड बाइक आहे, चिमटा कार्बनचा, रिम ब्रेक. मांडव्याला उतरून किनाऱ्याने रत्नागिरी आणि जमलं तर गोवा असा प्लॅन आहे. मागे पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या बॅगा, लावून बघितल्या तर प्रत्येक फेऱ्याला टाच बॅगेवर आपटते. म्हणून पुढे लावायचा विचार करतोय. चिमट्याला भोकं नाहीत पण ऑनलाइन क्लॅम्प मिळतात, ते आवळून लावले तर चालतील ना? – एक वाचक, पुणे

नाही चालणार. कार्बनच्या चिमट्याला क्लॅम्प लावायचा नाही, रबर घालून नाही, हलक्या हाताने आवळून नाही, "फक्त तीन किलोच आहे" म्हणून पण नाही. ज्या कंपनीने तुमचा चिमटा बनवलाय तिने स्वतः लेखी परवानगी दिली असेल तरच, आणि रोड बाइकच्या चिमट्याला ती बहुतेक नसतेच. कारण साधं आहे, कार्बनचे धागे ज्या दिशेने घातलेत त्या दिशेचा जोर ते मस्त घेतात पण बाजूने आवळलं की नळी चिरडते, आणि आतला थर सुटला तरी वरून रंग तसाच चकचकीत दिसतो, कळत काहीच नाही. मागचं कॅरिअर तुटलं तर शिव्या देत दोरीने बांधून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. चिमटा तुटला तर थेट तोंडावर.

(ज्यांना आपला चिमटा कशाचा आहे तेच माहीत नाही त्यांनी फ्रिजवरचं चुंबक काढून लावून बघा, चिकटलं तर स्टील. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम नाहीतर कार्बन, मग स्टिकर वाचा आणि शंका असेल तर कार्बन आहे असंच धरून चाला.)

आता तुमचा खरा प्रॉब्लेम पुढचा नाहीच, मागचा आहे, टाच. रोड बाइकची चेनस्टे, म्हणजे पॅडलच्या क्रँकच्या ॲक्सलपासून मागच्या चाकाच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर, साधारण ४०५ ते ४१५ मिमी असतं, टूरिंग सायकलीला तेच ४४० ते ४६०. हा दीड-दोन इंचाचा फरक तुमच्या टाचेला लागतोय. तर आधी फुकटातले उपाय करा. बॅगेच्या पाठीवरचे हुक सरकवता येतात, ते शक्य तितके पुढे सरकवा म्हणजे बॅग मागे जाईल आणि खालचा कोपरा जरा मागे झुकेल असं लावा. एवढ्याने नाही भागलं तर पुढच्या मापाच्या छोट्या पॅनिअर घ्या, साधारण १२ लिटरची एक, आणि त्या मागच्या कॅरिअरला लावा. हे लोकांना सुचतच नाही, नाव पुढची बॅग आहे म्हणून ती पुढेच लावली पाहिजे असं कोणी सांगितलंय. दोन्ही मिळून २५ लिटर होतात, वर कॅरिअरवर एक आडवी बॅग, हँडलला एक छोटी, आणि तुमच्या रूटला एवढं पुरून उरतं.

कारण रूट बघा ना. मांडवा, अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून दिघीला फेरी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेश्वीला फेरी, मग केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळहून धोपावे परत फेरी, गुहागर, तवसाळहून जयगडला अजून एक, आणि गणपतीपुळे करत रत्नागिरी. या सगळ्या रस्त्यावर खोली मिळते, जेवण मिळतं, तंबू-स्टोव्ह-स्लीपिंग बॅग नेऊन कुणाला दाखवायचंय? कपडे दोन जोड, रेनकोट, हत्यारं, ट्यूबा, चार्जर, औषधं, सहा-सात किलोच्या वर जाऊच नका. आणि किनारा म्हणजे सपाट असं डोक्यात असेल तर काढून टाका, प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि परत सड्यावर चढायचं, दिवसभर हेच चालू. ताम्हिणी-वरंध एकदाच चढून संपतो तरी, हे संपत नाही. तिथे एकेक किलो आठवतो.

हे सगळं करूनही पुढे लावायचंच असेल, म्हणजे पुढेमागे हिमालयात वगैरे न्यायची आहे आणि तंबू लागणारच आहे, तर चिमटा बदला. भोकांसकटचा स्टीलचा चिमटा मिळतो, वजन अर्ध्या किलोच्या आसपास वाढेल, वाढू दे. पण घेताना तीन मापं बघा आणि दुकानदार "बसतो हो सगळ्याला" म्हणाला तरी बघाच. पहिलं स्टिअरर, म्हणजे फ्रेममध्ये जाणारी चिमट्याची वरची नळी, वरून खाली एकसारखा २८.६ मिमीचा आहे की खाली जाड होत जाणारा टेपर्ड. दुसरं, ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची, म्हणजे चिमट्याचे दोन पाय वर जुळतात तिथपर्यंतची उंची, रिम ब्रेकच्या रोड चिमट्याची ही ३६५ ते ३७५ मिमी असते आणि टूरिंगचे किंवा डिस्कचे चिमटे ३९०-४०० च्या पुढे जातात. २० मिमी उंच चिमटा लावला की सायकलीचं नाक वर जाऊन हेड ॲंगल, म्हणजे हँडलखालच्या नळीचा कोन, साधारण एक डिग्री पडतो, हँडल आळशी होतं, वर तुमचा ब्रेक रिमपर्यंत पोचतच नाही. तिसरं रेक, म्हणजे चाकाचा ॲक्सल स्टिअररच्या रेषेच्या किती पुढे आहे ते, आहे त्याच्या जवळपास ठेवा. ही तीन जमली तर काम, नाही जमली तर जुळवाजुळव करत बसू नका, त्यापेक्षा जुनी स्टीलची सायकल शोधा. आणि हो, पुढच्या चाकाला स्पोक किती? २० असतील आणि सरळ रेडियल, म्हणजे एकमेकांना न ओलांडता, घातलेले असतील तर चिमट्याबरोबर ३२ स्पोकचं चाक पण बांधून घ्यावं लागणार, तेवढं बजेट धरा.

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची जुनी स्टीलची रेसर सायकल आहे, तिला पुढे खाली ॲक्सलजवळ एकेक भोक आहे मडगार्डचं, पण चिमट्याच्या मधोमध काही नाही. लो-रायडर, म्हणजे बॅगा चाकाच्या बाजूला खाली धरणारं कॅरिअर, बसवता येईल का? – कोल्हापूर

येईल की. वडिलांना नमस्कार सांगा, त्या काळी लोक मडगार्डसाठी भोक ठेवत होते हे उपकारच आहेत.

खालच्या भोकात कॅरिअरचा खालचा पाय, एम-फाइव्हचा स्टेनलेस बोल्ट. मधोमध पी-क्लिप, म्हणजे रबराचं अस्तर असलेली पत्र्याची गोल क्लिप, गॅरेजवाल्यांकडे वायरिंग आणि ब्रेक पाइप धरायला असतात त्याच. साइज अंदाजाने आणू नका, चिमट्याचा व्यास ज्या उंचीवर क्लिप येणार तिथेच मोजा.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची क्लिप यामुळेच सुटते. चिमट्याची नळी वर जाड आणि खाली बारीक होत जाते. क्लिपवर वजन आलं की ती खाली सरकायला बघते, आणि खाली नळी बारीक असल्याने एकदा मिमीभर जरी सरकली की लगेच ढिली, मग आणखी सरकते, मग खडखड सुरू. म्हणून सगळं वजन खालच्या भोकावरच यायला पाहिजे, क्लिपचं काम फक्त कॅरिअर पुढे-मागे डोलू न देणं एवढंच. लावून झालं की क्लिपचे बोल्ट ढिले सोडून कॅरिअर वरून दाबून बघा, खाली जात असेल तर खालचा पाय नीट बसलेला नाही. पाय भोकात टेकला की मगच क्लिपा आवळायच्या. क्लिपच्या आत जुन्या ट्यूबचा तुकडा एकाच पदराचा गुंडाळा, दोन पदर घातले की रबर पिळून बाहेर येतं आणि क्लिप परत ढिली. पावसाळ्यानंतर एकदा काढून खाली गंज बघायचा, पाणी तिथेच साठतं.

जुन्या भोकाचे आटे रंगाने आणि गंजाने भरलेले असणार, बोल्ट जबरदस्तीने घालू नका, पाच मिमीचा टॅप फिरवून साफ करून घ्या. आटे गेलेच असतील तर भोक मोठं करून एम-सिक्सचे आटे पाडता येतात, आजूबाजूला धातू पुरेसा आहे का तेवढं बघून. मडगार्डची काडी पण त्याच भोकात लावायची असेल तर कॅरिअरचा पाय चिमट्याला चिकटून आत आणि मडगार्डची काडी बाहेर, उलटं केलं की बोल्टवर विनाकारण वाक येतो. बोल्टचं टोक आत स्पोकच्या बाजूला किती बाहेर येतंय ते चाक फिरवून बघा. निळं लॉकटाइट लावा, लाल नको, ते पुढच्या जन्मी सुटेल. आणि बायकोचं किंवा ताईचं नेलपॉलिश मागून घ्या, बोल्टच्या डोक्यावरून कॅरिअरवर एक रेघ मारा, रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, रोज सकाळी पान्हे काढून तपासत बसायला नको. पहिल्या ५० किलोमीटरनंतर मात्र एकदा आवळाच.

दोन्ही बाजूंना जोडणारी चाकावरची कमान असलेलं कॅरिअर मिळालं तर तेच घ्या, अशा क्लिपवाल्या जोडणीत कमानीने फार फरक पडतो.

प्रश्न: बाबांचं अंबडला फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे. बाहेरचं चांगलं कॅरिअर खूप महाग पडतं, बाबा म्हणतात मीच बनवून देतो, वाटलं तर चिमट्यालाच वेल्ड करून टाकतो, कायमचं काम. करू देऊ का? – नाशिक

ताई, कॅरिअर बनवू द्या, वेल्ड करू देऊ नका. बाबांना राग येईल पण सांगा मी सांगितलं म्हणून.

सायकलीच्या चिमट्याची नळी पातळ असते, बाबा रोज गेट-ग्रिलला मारतात तसा आर्क मारला तर एकतर भोक पडेल नाहीतर त्या जागेची नळी कडक आणि ठिसूळ होईल, आणि पुढे सहा महिन्यांनी खड्ड्यात जाताना बरोबर वेल्डच्या शेजारून चीर जाईल. ॲल्युमिनियमचा चिमटा असेल तर विषयच नाही, तापवल्यावर त्याची ताकद जाते आणि परत नीट उष्णता-प्रक्रिया केल्याशिवाय ती येत नाही. स्टीलच्या चिमट्याला भोकाचे कान बसवायचेच असतील तर ते ब्रेझिंगने, म्हणजे नळी न वितळवता पितळाने किंवा चांदीने जोडून, सायकलीचं काम केलेल्या माणसाकडून, मग रंग परत.

कॅरिअर मात्र बाबा एक नंबर बनवतील. वजनाचा हिशोब त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो, डी स्क्वेअर भागिले १६२, डी म्हणजे गजाचा व्यास मिमीत, उत्तर मीटरला किलो. आठ मिमीचा भरीव गज मीटरला ०.३९५ किलो, दहाचा ०.६१७. दोन्ही बाजू, कमान, तिरके आधार धरून तीन मीटर गज लागला तर आठमध्ये १२०० ग्रॅमच्या आत-बाहेर, दहामध्ये साडेअठराशे. बाजारातली चांगली लो-रायडर क्रोमोली स्टीलच्या पोकळ नळीची असतात म्हणून अर्ध्या किलोच्या आसपास बसतात, त्याचेच पैसे असतात. तर आठचा गज घ्या, पॅनिअरचे हुक आठ-दहा मिमीवर आतले प्लास्टिकचे तुकडे लावून घट्ट बसतात, दहा घेऊन काही मिळणार नाही. फॅब्रिकेशनवाल्यांना सगळं दणकट करायची सवय असते, बाबा म्हणतील बाराचा घेऊ, त्यांना गेट बनवायचं नाहीये हे प्रेमाने आठवण करून द्या.

आकार साधा ठेवा. बॅगेचा मध्य चाकाच्या ॲक्सलच्या जवळपास येईल इतक्या उंचीवर वरचा आडवा गज, म्हणजे वजन खाली राहतं. बॅगेचा खालचा हुक अडकायला एक उभा आधार पाहिजेच, तो नसेल तर खड्ड्यात बॅग आत झुलते आणि स्पोकमध्ये जाते, आणि पुढच्या चाकात बॅग जाणं म्हणजे हँडलवरून उडी. पायाच्या टोकाला गज चपटा ठोकून त्यात भोक पाडतात ना, तिथे ठोकताना कडेला बारीक चीर पडते आणि तुटतं नेहमी तिथेच, त्यापेक्षा चार मिमीची पट्टी कापून भोक पाडून गजाला वेल्ड करा. ग्राइंडिंग, प्रायमर, काळा रंग, झालं. आधी वीट-बिट बांधून गंगापूर रोडला जुन्या स्पीडब्रेकरांवरून फिरवून आणा आणि मगच टूरला न्या.

प्रश्न: माझी नवी डिस्कवाली सायकल आहे, थ्रू ॲक्सल (चिमट्यातून आरपार जाऊन आट्यांनी बसणारा), चिमटा कार्बन पण दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकं आहेत. म्हणजे कॅरिअर चालेल ना? – ठाणे

ती तीन भोकं बहुतेक वेळा केजसाठी असतात, कॅरिअरसाठी नाही. केज म्हणजे बाटलीच्या स्टँडचा मोठा भाऊ, त्यात छोटी ड्रायबॅग पट्ट्याने बांधायची. भोकं आहेत म्हणजे कंपनीने आत धातूचे इन्सर्ट बसवलेत आणि काहीतरी वजन धरलंय, पण ते किती हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याचदा बाजूला तीन किलोच्या आसपास, आणि तेच पाळायचं. तीन किलो कमी वाटतात पण दोन बाजू मिळून तंबू आणि स्लीपिंग बॅग आरामात जाते. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने, मॅन्युअलमध्ये आकडा असेल तेवढाच, "थोडा अजून" केलं की इन्सर्ट चिमट्यात गोल फिरायला लागतो आणि मग बोल्ट ना आत जातो ना बाहेर येतो.

खरंच पॅनिअर लावायच्या असतील तर थ्रू ॲक्सलच बदलून त्याच्यावर वजन घेणारी कॅरिअर मिळतात, ओल्ड मॅन माउंटनची तशी आहेत, वेगळा लांब ॲक्सल येतो आणि पाय त्याच्यावर टेकतात, वरचा आधार फक्त डोलणं थांबवायला. ॲक्सलचं माप, १२ बाय १०० मिमी (जाडी बाय रुंदी) आहे की जाडी १५, आणि आट्यांची पिच, दोन्ही बघून मागवा. डाव्या बाजूला डिस्कचा कॅलिपर आडवा येतो, तिथे स्पेसर लागेल, आणि एका बाजूला स्पेसर आला की दुसऱ्या बाजूची बॅग पण तेवढीच बाहेर घ्यायला विसरू नका.

प्रश्न: वय ६१. पुढे लो-रायडर आणि मागे एक बॅग लावून सांगली–आंबोली करून आलो. चढावर उभं राहून पॅडल मारताना सायकल इकडून तिकडे पडायला बघते आणि उतारावर एकदा हँडल थरथरायला लागलं. पुढचं काढून टाकू का? – सांगली

काका, आधी सलाम. आणि काढू नका, आधी थोडं हलवून बघा.

पुढे वजन लावलं की हँडल जड होणारच, वळवायला जास्त जोर आणि वळलेलं थांबवायला पण जास्त जोर, ही सवयीची गोष्ट आहे, दोन-चार दिवसांत हाताला कळतं. उभं राहणं सोडा, सामानासकट चढ बसून आणि छोट्या गिअरवर चढायचा. तुमच्या सायकलीला पुढे ३४ दात आणि मागे २८ असतील तर त्रास होणारच, मागे ३४ ची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, टाकून घ्या, पॅडलचा एक फेरा आणि चाकाचा एक फेरा असा हिशोब होतो, गुडघे दुवा देतील. त्यासाठी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, लांब केजचा (ही केज म्हणजे चेन ताणणारा त्याचा हात) लागतो, तो आहे का बघून मगच कॅसेट घ्या.

थरथर मात्र मनावर घ्या. ती बहुतेक मागे उंचावर ठेवलेल्या वजनाने येते, मागच्या कॅरिअरच्या वर बांधलेली मोठी बॅग हलक्या फ्रेमला पिळते. वरचं जड सामान, हत्यारं, पाणी, चार्जर वगैरे, पुढच्या खालच्या बॅगांत आणा आणि कपडे मागे वर टाका. पुढच्या दोन बॅगा काट्यावर तोलून एकसारख्या करा, घरातला भाजीचा स्प्रिंग काटा पुरतो. हेडसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, ढिला आहे का बघा, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली की टक टक लागतं. परत थरथर सुरू झालीच तर हँडल करकचून धरू नका, वरच्या नळीला दोन्ही गुडघे दाबून धरा आणि मागच्या ब्रेकने हळूहळू वेग कमी करा. रिम ब्रेक असेल तर घाट उतरताना मध्ये थांबून रिमला हात लावून बघा... नाही, हात नका लावू, पाण्याचा थेंब टाका, चर्र झालं तर चहा घ्या.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, एवढं सगळं परवडत नाही. सॅकच हँडलला पुढे लटकवली तर चालेल का? चिपळूण ते दापोली फक्त. – चिपळूण

अजिबात नको रे. सॅकचे पट्टे लोंबतात, एक जरी स्पोकमध्ये गेला तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. हँडलला बांधायचीच तर गोल गुंडाळी करून, दोन पट्ट्यांनी ड्रॉप्सच्या, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या दोन टोकांच्या, मध्ये, ब्रेकच्या वायरी दाबल्या जात नाहीत आणि गुंडाळी टायरला टेकत नाही हे हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघ, पट्ट्यांची उरलेली टोकं चिकटपट्टीने बंद कर. दोन-तीन किलोच्या वर नको. लाइट झाकला जात असेल तर खाली घे. नाहीतर एवढ्याशा अंतराला सॅक पाठीवरच घे, घाम येईल, येऊ दे.